नेस्ट हबमधल्या फ्युशियावर आपलं पॅनेल उभं करावं का?

म्हापे_पॅनेल | शनिवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या लॉबीत लावायचं एक पॅनेल बनवायचं आहे. ७ इंची टच स्क्रीन, ४जी सिम, पाण्याच्या टाकीची पातळी, पंप, लिफ्टची स्थिती, पाहुण्यांची नोंद. पहिली खेप ३०० नगांची, बहुतेक घोडबंदर रोड आणि खारघरकडे. ग्राहकाला ७ वर्षांचा सपोर्ट लेखी द्यायचा आहे.

टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, गुगलचा नेस्ट हब म्हणजे ७ इंची पडदाच की, तो फ्युशियावर, म्हणजे गुगलच्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो, लायसन्स मोकळं आहे, सुरक्षा लिनक्सपेक्षा वरची आहे, तेच घेऊ. दुसरा म्हणतो, गुगल ते आज ना उद्या गुंडाळणार. ज्यांनी कोड उघडून पाहिलाय त्यांची मतं हवीत. "गुगल सगळंच बंद करतं" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते घरी रोज ऐकतो.

ऐरोली_कर्नल | शनिवार, सकाळी १०:१५

दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत. आधी क्रम नीट लावून घेऊ.

ऑगस्ट २०१६ मध्ये फ्युशियाचा कोड गाजावाजा न करता गिटहबवर दिसला. जून २०१९ मध्ये डेव्हलपरांसाठी कागदपत्रांची साइट आली, डिसेंबर २०२० पासून बाहेरच्यांचे पॅच घ्यायला सुरुवात झाली. मे २०२१ मध्ये पहिल्या पिढीच्या नेस्ट हबवर ते अपडेट म्हणून उतरलं, २०२२ मध्ये हब मॅक्सवर, २०२३ मध्ये दुसऱ्या पिढीच्या हबवर. कोडमध्ये या तिघांची नावं अ‍ॅस्ट्रो, शेरलॉक आणि नेल्सन. तिघंही अ‍ॅमलॉजिकच्या चिपवर. लोकांच्या घरात चालू असलेल्या वस्तूची अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम बदलली आणि वापरणाऱ्याला पत्ता लागला नाही. इंजिनियरिंग म्हणून हे काम फार मोठं आहे.

मग उतरण. जानेवारी २०२३ मध्ये गुगलने १२,००० जणांची कपात जाहीर केली. तेव्हाच्या बातम्यांनुसार फ्युशियाच्या सुमारे ४०० जणांच्या टीमला १६ टक्क्यांची कात्री लागली. त्याच वर्षी स्मार्ट स्पीकरवर नेण्याचं काम सोडून दिलं. डेस्कटॉपसारखं चालणारं 'वर्कस्टेशन' हे रूप काढून टाकलं, पूर्ण क्रोम ब्राउझर त्यावर आणण्याचा प्रयत्नही थांबला.

पण कोडची पानं बघाल तर कमिट, म्हणजे कोडमधले नवे बदल, थांबलेले नाहीत. जुना गो भाषेतला नेटवर्क स्टॅक जाऊन रस्टमधला नेटस्टॅक-३ आला, ड्रायव्हरची, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडची, चौकट नव्याने लिहिली, लिनक्सचे प्रोग्राम चालवणाऱ्या स्टार्निक्सवर काम झालं. मेलेल्या प्रकल्पात कोणी नेटवर्क स्टॅक नव्याने लिहीत बसत नाही.

खाडीपूल | शनिवार, सकाळी १०:५२

वरचा क्रम बरोबर, पण कात्रीपेक्षा मोठं कारण राहिलं.

फ्युशियाची खरी ओढ कुठे होती? अँड्रॉइडची जुनी दुखणी होती तिथे. चिप बनवणारा एका ठरावीक कर्नलवर (सिस्टिमच्या गाभ्यावर) आपला ड्रायव्हर बांधून देतो. लिनक्समध्ये कर्नलच्या आतला इंटरफेस स्थिर ठेवण्याचं वचनच नाही. कर्नल बदलला की ड्रायव्हर मोडतो, मग फोन त्याच जुन्या कर्नलवर सडतो. फ्युशियात ड्रायव्हर कर्नलबाहेर, वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात आणि ठरलेल्या इंटरफेसवरून बोलतात. खालचा कर्नल बदला, ड्रायव्हर तोच. हे स्वप्न.

पण दरम्यान लिनक्सवरच ठिगळं लागत गेली, आणि चांगली लागली. अँड्रॉइड ८ सोबत २०१७ मध्ये ट्रेबल आलं, त्याने वरची सिस्टिम आणि चिपवाल्याचा भाग वेगळा केला. मग जीकेआय आलं, म्हणजे सगळ्या फोनना एकच सामायिक कर्नल आणि चिपवाल्याचे भाग वेगळे मॉड्यूल म्हणून. कर्नल ५.१० पासून हे पक्कं झालं. डिसेंबर २०२२ च्या ६.१ कर्नलमध्ये रस्टलाही दार उघडलं. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण ऑपरेशन टळण्याइतकं कमी झालं.

म्हणून 'गुगल बंद करणार का' या प्रश्नापेक्षा 'गुगलला आता ते कशासाठी लागतं' हा प्रश्न जास्त उपयोगी. २०२४ मध्ये अँड्रॉइडच्या कोडमध्ये 'मायक्रोफ्युशिया' दिसायला लागलं. अँड्रॉइड १३ पासूनच्या व्हर्च्युअलायझेशनच्या चौकटीत, पीकेव्हीएम या हायपरव्हायझरच्या आश्रयाने, फोनच्या आत एका छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालणारं फ्युशिया. घराचा मालक व्हायला निघालेला पोटमाळ्यावर राहायला आला, असं म्हणा हवं तर. पण पोटमाळ्यावरचा भाडेकरूही वीस वर्षं राहतो.

तलावपाळी | शनिवार, सकाळी ११:०५

+१. शेवटच्या वाक्याला विशेष. ठाण्यात पागडीच्या घरात राहणाऱ्यांना विचारा.

ऐरोली_कर्नल | शनिवार, सकाळी ११:४०

खाडीपूल यांच्याशी सहमत. म्हापे_पॅनेल, आता तुमच्या कामाचं बोलतो.

'नेस्ट हबवर चालतं म्हणजे आमच्या ७ इंचीवर चालेल' यातच गफलत आहे. हबवर ते चालतं कारण त्या तीन बोर्डांचा डिस्प्ले कंट्रोलर, टच, वायफाय, ऑडिओ यांचे ड्रायव्हर गुगलने पैसे आणि माणसं लावून लिहिले. तुम्ही रॉकचिप, ऑलविनर किंवा एनएक्सपीचा बोर्ड घ्याल. तो विकणारा सोबत लिनक्सचा किंवा अँड्रॉइडचा बीएसपी, म्हणजे तो बोर्ड चालवायला लागणारा कोड, देतो. फ्युशियाचा बीएसपी कोणीही देत नाही. मग यादी लिहा: पॅनेलच्या एलव्हीडीएस किंवा एमआयपीआय डिस्प्लेचा ड्रायव्हर, आयटूसी टचचा, बॅकलाइटच्या पीडब्ल्यूएमचा, पॉवर चिपचा, ४जी मोडेमचा. त्यात ग्राफिक्स सगळ्यात अवघड, कारण पडद्यावर चित्र रचणारा सीनिक हा भाग मुळात व्हल्कन या ग्राफिक्स इंटरफेसच्या भरवशावर उभा आहे. जीपीयूवाल्याने व्हल्कन ड्रायव्हर फ्युशियासाठी दिला नाही तर तुमचा तरतरीत ७ इंची पडदा काळाच राहील.

कागदपत्रांत नावाने येणारं आणि बाहेरच्या माणसाला हाताळता येणारं हार्डवेअर मोजकं: इंटेलचे नक हे छोटे पीसी आणि खाडास व्हिम३ हा बोर्ड. व्हिम३ वर अ‍ॅमलॉजिक ए३११डी आहे, म्हणजे हबच्याच घराण्यातला. नकचा धंदा इंटेलने २०२३ मध्ये थांबवून एसूसकडे दिला. यातलं काहीही ७ वर्षं मिळत राहील असं गृहीत धरून ३०० नगांची ऑर्डर घेऊ नका.

म्हापे_पॅनेल | शनिवार, दुपारी १२:२०

हे पटलं. पण निदान टीमला दाखवायला ते एकदा चालू करून बघावं म्हणतो. त्यासाठी बोर्ड लागेल का? आणि 'सुरक्षा वरची' म्हणतात ती नेमकी कशी?

कोपरी_बिल्ड | शनिवार, दुपारी १:१०

बोर्ड नको, एम्युलेटर (आपल्याच मशीनवर चालणारा नकली बोर्ड) पुरे. क्रमाने लिहितो. कुठे अडकतं तेही लिहितो, कारण गाडी ठरलेल्या चार-पाच जागीच अडकते.

मशीन ६४ बिट इंटेल किंवा एएमडीचं, त्यावर डेबियन किंवा उबुंटू. सोर्सला सुमारे २ जीबी, पण बिल्डला आणखी ८० ते ९० जीबी लागतात. त्यामुळे १२० जीबी मोकळे नसतील तर सुरूच करू नका. हार्ड डिस्क नको, एसएसडीच. रॅम १६ जीबीवर होतं, ३२ असेल तर सुखाने होतं.

बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा. मग डेव्ह फोल्डरमध्ये केव्हीएम (लिनक्समधलं व्हर्च्युअलायझेशन) नावाची फाइल दिसते का बघा आणि आपला युजर केव्हीएम ग्रुपमध्ये टाका. ग्रुपमध्ये टाकल्यावर लॉगआउट करून परत आत यावं लागतं. नव्वद टक्के 'एम्युलेटर फार हळू आहे' तक्रारी इथे सुटतात. ऑफिसचं मशीन मुळात व्हर्च्युअल मशीन असेल तर नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते आयटीवाल्यांना विचारा. बहुधा नसतं.

सोर्स आणायला गुगलची बूटस्ट्रॅप स्क्रिप्ट आहे, ती जिरी नावाचं अवजार आणते आणि जिरी शेकडो रिपॉझिटरी ओढतं. कंपनीच्या प्रॉक्सीमागे हे हमखास मोडतं. फक्त गिटचा पत्ता उघडून भागत नाही. तयार कंपायलर आणि बाकी बायनरी सीआयपीडी या गुगलच्या पॅकेज सेवेवरून येतात, म्हणजे क्रोमच्या पॅकेज सर्व्हरचे आणि गुगलच्या स्टोरेजचे पत्तेही उघडे हवेत. मधेच ४२९ चा एरर आला तर नेट खराब नाही, तुम्ही विनालॉगिन फार वेगाने मागताय. जिरीची समांतर कामं कमी करा आणि तीच कमांड परत द्या, झालेलं वाया जात नाही.

मग एफएफएक्स या फ्युशियाच्या अवजाराची प्लॅटफॉर्म प्रीफ्लाइट कमांड चालवा, ती मशीन तपासून काय कमी आहे ते सांगते. त्यानंतर एफएक्स सेट, त्यापुढे प्रॉडक्ट आणि बोर्ड टिंबाने जोडून. साधं काम असेल तर मिनिमल डॉट एक्स६४, पडदा बघायचा असेल तर वर्कबेंच. जुन्या ब्लॉगवर 'वर्कस्टेशन' लिहिलेलं सापडेल, ते आता नाहीच. एरर येईल आणि तुम्हाला वाटेल आपलं काही चुकलं.

एफएक्स बिल्ड लावा आणि जेवून या. चांगल्या मशीनवरही तास-दीड तास धरा, लॅपटॉपवर त्याच्या दुप्पट-तिप्पट. मधेच काहीही न बोलता बिल्ड मेलं तर डीमेसेग, म्हणजे कर्नलचा लॉग, बघा. लिंक करताना रॅम संपून कर्नलने प्रोसेस मारलेली असते. समांतर कामं चारवर आणा.

शेवटी एका टर्मिनलमध्ये एफएफएक्स एम्यू स्टार्ट, हेडलेस पर्याय लावून. दुसऱ्यात एफएक्स सर्व्ह. हे दुसरं टर्मिनल लोक विसरतात. मूळ सिस्टिम इमेजमध्ये असलेली पॅकेज चालतात, पण तुमचं स्वतःचं पॅकेज 'सापडत नाही' म्हणून ओरडतं, कारण ते तुमच्याच मशीनवरच्या सर्व्हरवरून ओढायचं असतं आणि तो सर्व्हर चालूच नसतो.

एवढा खटाटोप नको असेल तर एसडीकेची, म्हणजे डेव्हलपरांसाठीच्या तयार अवजारांच्या संचाची, वाट आहे. तयार प्रॉडक्ट बंडल उतरवायचा, नमुन्यांची रिपॉझिटरी बेझल या बिल्डच्या अवजाराने बांधायची. काही जीबीत काम होतं. नुसतं दाखवायचं असेल तर हेच करा. वरचा अख्खा प्रवास प्लॅटफॉर्मच्या आत हात घालायचा असेल त्यांच्यासाठी.

खाडीपूल | शनिवार, दुपारी २:३५

सुरक्षेचं मी घेतो.

लिनक्सवर प्रोग्राम सुरू झाला की तो त्या युजरच्या नावाने बरंच काही करू शकतो: फाइल उघड, सॉकेट उघड. मग आपण एकेक दार बंद करत जातो. फ्युशियात उलटं. झिरकॉन कर्नलमध्ये प्रत्येक गोष्ट ऑब्जेक्ट, आणि ती वापरायला हातात हँडल हवं, हँडलवर कोणकोणते हक्क आहेत तेही ठरलेलं. युजर आणि ग्रुप ही कल्पनाच नाही. सगळ्यांना दिसणारा एकच फाइलसिस्टिमचा मूळ फोल्डरही नाही, प्रत्येक प्रोसेसला तिची वेगळी नेमस्पेस मिळते. दोन टिंबं देऊन वरच्या फोल्डरात जाणं नाही. प्रोसेसची प्रत काढणारं फोर्क नाही. युनिक्सचे सिग्नल नाहीत. सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलकडे करायच्या मागण्या, पावणेदोनशेच्या आसपास आणि तेही फक्त व्हीडीएसओ या कर्नलनेच दिलेल्या लायब्ररीमधून करता येतात, आडवाटेने केलेला कॉल कर्नल मान्य करत नाही.

दोन प्रोसेस चॅनेलवरून बोलतात. एका संदेशात जास्तीत जास्त ६४ केबी डेटा आणि ६४ हँडल. मोठा डेटा, म्हणजे कॅमेऱ्याची फ्रेम वगैरे, पाठवायचा तर व्हीएमओ नावाचा मेमरीचा तुकडा बनवायचा आणि त्याचं हँडल द्यायचं. नवशिके फ्रेमच चॅनेलमध्ये कोंबायला जातात आणि मर्यादेचा एरर खातात. दोघांतला करार एफआयडीएल भाषेत लिहायचा, त्यातून रस्ट किंवा सी++ चा कोड तयार होतो.

पॅकेजचंही चांगलं आहे. प्रत्येक फाइलचं नाव म्हणजे तिच्या मजकुराचा मर्कल रूट, म्हणजे सगळ्या ब्लॉकच्या हॅशवरून काढलेला एकच हॅश; ८ केबीच्या ब्लॉकवर एसएचए-२५६. वाचताना ब्लॉक पडताळला जातो. कोणी फ्लॅशवर जाऊन फाइल बदलली तर ती वाचलीच जात नाही. अपडेटमध्ये ज्यांचा रूट बदलला तेवढ्याच फाइली उतरतात, ४जी सिमवर याचे पैसे वाचतात. ए, बी आणि रिकव्हरी अशा तीन जागा, अपडेट फसलं तर जुन्या जागेतून बूट.

हे सगळं खरं आहे आणि छान आहे. फक्त ते ऐरोली_कर्नल यांच्या ड्रायव्हरच्या यादीवर उतारा नाही.

बीई_शेवटचं_वर्ष | शनिवार, संध्याकाळी ५:०५

नमस्कार सर, मी नेरूळला शिकतो. फायनल इयर प्रोजेक्टला फ्युशिया घेतलं तर चालेल का? भविष्य नाही म्हणतात तर मार्क जातील का? एसडीकेच्या नमुन्यावरून दोन कंपोनंट (फ्युशियातले सुटे प्रोग्राम) लिहिले, एक सर्व्हर एक क्लायंट. क्लायंट सुरू होतो, पण पहिल्याच कॉलला पीअर क्लोज्ड येतं. सर्व्हरचा लॉगच येत नाही.

कोपरी_बिल्ड | शनिवार, संध्याकाळी ५:४०

आधी सर नको, दादा म्हण.

सर्व्हरचा लॉग येत नाही कारण सर्व्हर सुरूच झालेला नाही. कंपोनंट गरज पडल्यावरच सुरू होतात. क्लायंट प्रोटोकॉल मागतो तेव्हा कंपोनंट मॅनेजर वाट शोधतो, वाट सापडली तरच समोरच्याला उठवतो. सापडली नाही तर क्लायंटच्या हातातलं चॅनेल बंद करतो. तेच तुझं पीअर क्लोज्ड.

वाट तीन जागी लिहावी लागते. सर्व्हरच्या सीएमएल फाइलमध्ये (कंपोनंटच्या घोषणापत्रात) प्रोटोकॉल कॅपॅबिलिटी म्हणून जाहीर करून एक्स्पोज. क्लायंटच्या फाइलमध्ये यूज. आणि दोघांच्या पालकाच्या, म्हणजे रेल्म कंपोनंटच्या फाइलमध्ये सर्व्हरकडून क्लायंटकडे ऑफर. तिसरी ओळ विसरलेली असणार, सगळे तीच विसरतात. बिल्ड होताना बोंब होत नाही, कारण सीएमसी हे या फाइली तपासणारं अवजार प्रत्येक फाइल स्वतःपुरती बरोबर आहे का तेवढंच बघतं.

एफएफएक्स कंपोनंट डॉक्टर ही कमांड क्लायंटच्या नावाने चालव. कुठली वाट तुटली ते ती दाखवेल. आणि लॉग बघताना क्लायंटवर फिल्टर लावू नकोस, तुटलेल्या वाटेचा संदेश दुसऱ्या नावाखालीही येतो.

ऐरोली_कर्नल | शनिवार, संध्याकाळी ६:२०

प्रोजेक्टला जरूर घे. परीक्षकाला गुगलचं भवितव्य नको असतं, तू काय मोजलंस ते हवं असतं. तीन प्रयोग सुचवतो. पहिला: क्लायंटकडून नेटवर्कची ऑफर काढून टाक आणि तोच बायनरी नेटवर पोचतो का बघ. दुसरा: एक ड्रायव्हर मुद्दाम पाड. तो ड्रायव्हर होस्ट प्रोसेससकट मरतो, कर्नल उभा राहतो. त्याच होस्टमध्ये शेजारी कोण होतं आणि त्याचं काय झालं ते नोंदव. सगळे ड्रायव्हर एकमेकांपासून वेगळे असतात हा गैरसमज आहे, एका होस्टमध्ये अनेक असू शकतात. तिसरा: एफआयडीएलच्या फेरीला लागणारा वेळ आणि त्याच मशीनवर लिनक्सच्या युनिक्स सॉकेटला लागणारा. केव्हीएम चालू नसेल तर तिसरा प्रयोग करूच नकोस, आकडे एम्युलेटरचे येतील, ओएसचे नाही.

स्टार्निक्सवर एक धडा लिही. त्यात लिनक्सचा कर्नल नसतो, व्हर्च्युअल मशीन नसतं. लिनक्सचे सिस्टिम कॉल रस्टमध्ये लिहिलेला एक कंपोनंट युजरस्पेसमध्ये झेलतो. व्हायवात 'म्हणजे व्हीएमच ना?' असं विचारणारच.

तलावपाळी | शनिवार, रात्री ९:१५

माझा प्रश्न बाळबोध वाटेल. कोड ओपन आहे. गुगलने उद्या सोडलं तर आपण चालवू की. मोझिलाच्या फोनसाठीच्या फायरफॉक्स ओएसचं तेच झालं ना? आणि तेही आपल्या अंगणात.

खाडीपूल | शनिवार, रात्री १०:००

बाळबोध अजिबात नाही. उदाहरणही नेमकं आहे, फक्त पूर्ण बघा. मोझिलाने डिसेंबर २०१५ मध्ये फोनचं काम थांबवल्याचं सांगितलं. त्या कोडवरून कायओएस झालं आणि २०१७ मध्ये जिओफोनमधून घराघरांत गेलं. पण त्यामागे कायओएस ही वेगळी कंपनी होती, चिपवाले होते, आणि कोट्यवधी फोन विकत घेणारं घणसोलीतलं गिऱ्हाईक, म्हणजे जिओ, होतं. कोड मोकळा असणं ही पहिली पायरी होती, पुढच्या पायऱ्या पैशाच्या.

फ्युशियाचं लायसन्स बीएसडी, एमआयटी, अपाचे असं सैल. झिरकॉन एमआयटीखाली. कोणीही फाटा (कोडची आपली वेगळी शाखा) काढू शकतो, आणि काढणाऱ्याने आपले बदल परत द्यायचं बंधनही नाही. जीपीएलमुळे लिनक्सच्या ड्रायव्हरचा कोड निदान मागता येतो, इथे तेही नाही. शिवाय बिल्ड उभं आहे ते सीआयपीडीवरच्या तयार बायनरींवर: कंपायलर, रस्टची साखळी, एम्युलेटर. ते सर्व्हर गुगलचे. फाटा काढायचा तर आधी हे सगळं आपल्याकडे उतरवून ठेवा, मग टेस्ट चालवणारी यंत्रणा उभी करा. हे तीन माणसांचं काम नाही.

आणि जवळचा दाखला फायरफॉक्सपेक्षा गुगलच्याच अँड्रॉइड थिंग्ज या सिस्टिमचा आहे. अगदी अशाच पॅनेलसाठी होतं ते. २०१५ मध्ये ब्रिलो म्हणून जाहीर झालं, २०१६ च्या शेवटी नाव बदललं, फेब्रुवारी २०१९ मध्ये 'फक्त स्पीकर आणि डिस्प्ले बनवणाऱ्या भागीदारांसाठी' असं आकसलं. ५ जानेवारी २०२१ पासून कन्सोलवर नवे प्रोजेक्ट बंद, वर्षभराने कन्सोलच बंद. अपडेट गुगलच्या कन्सोलमधून जायचे. कन्सोल गेलं की भिंतीवरच्या पॅनेलला अपडेट कुठून देणार? ७ वर्षांचा करार लिहिताना ही तारीख समोर ठेवा.

वाशी_नका | शनिवार, रात्री १०:२५

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

म्हापे_पॅनेल | रविवार, सकाळी ९:०५

दोन्ही तटांना धागा वाचायला दिला. भांडण मिटलं, आता नवं सुरू आहे: फ्युशियातलं चांगलं लिनक्सवर किती आणता येईल?

ऐरोली_कर्नल | रविवार, सकाळी ९:५०

बरंचसं येतं. योक्टो या लिनक्स बांधायच्या अवजाराने इमेज बांधा, रूट फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती ठेवा आणि डीएम-व्हेरिटी लावा. तीही मर्कल ट्रीच आहे, पडताळणी वाचतानाच. अपडेटला राउक, मेंडर किंवा एसडब्ल्यूअपडेट, ए आणि बी जागांसकट. ८ जीबीच्या ईएमएमसीवर (बोर्डवरच्या फ्लॅशवर) दीड-दीड जीबीच्या दोन रूट, १ जीबी मोकळी सोडा, उरलेली डेटाला. काठोकाठ पार्टिशन केलं की तीन वर्षांनी इमेज वाढते आणि मग बसवून झालेल्या नगांवर पार्टिशन बदलायची पाळी येते, ती येऊ देऊ नका.

प्रत्येक सेवेला सिस्टिमडी या सेवा चालवणाऱ्या प्रोग्राममधून वेगळा डायनॅमिक युजर, सिस्टिम फोल्डर कडक बंद, आणि ज्या सेवेला नेट नको तिला फक्त युनिक्स सॉकेटची परवानगी. पंपाचा रिले हलवणारी सेवा आणि पाहुण्यांची नोंद घेणारी सेवा एकाच युजरखाली चालवलीत तर फ्युशियावरचं वरचं सगळं वाचून उपयोग काय झाला.

कर्नल निवडताना सपोर्टची वर्षं बघा. साध्या एलटीएस (लांब सपोर्टच्या) कर्नलचा काळ ६ वर्षांवरून २ वर करायचं २०२३ मध्ये जाहीर झालं. ७ वर्षं द्यायची तर सीआयपी (सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म) या प्रकल्पाच्या कर्नलकडे वळा, त्यांचं लक्ष्य किमान १० वर्षांचं: ५.१० किंवा ६.१. मात्र तुमचा चिपवाला त्याच आकड्याचा बीएसपी देतो का, की त्याचे बदल तुम्हाला ओढून न्यावे लागतील, हे बोर्ड घेण्याआधी लेखी विचारा. पडद्यासाठी फ्लटर हे गुगलचं इंटरफेस बनवायचं साधन हवं असेल तर ते लिनक्सवरही चालतं, त्यासाठी फ्युशिया लागत नाही.

कोपरी_बिल्ड | रविवार, सकाळी १०:३०

अवांतर, पण लॉबीतलं पॅनेल म्हणून लिहितो. पावसाळ्यात लाइट जाते-येते, आणि पॅनेल बहुतेक जनरेटरच्या लाइनवर नसतं. फाइलसिस्टिम कितीही जर्नल ठेवो, ईएमएमसीच्या आत लिहिणं चालू असताना वीज गेली तर चिपच्या फर्मवेअरवर भरवसा ठेवावा लागतो.

५ वॉटच्या पॅनेलला नीट बंद व्हायला २ सेकंद द्या, म्हणजे १० जूल. २.७ व्होल्टचे ५ फॅरडचे दोन सुपरकपॅसिटर एकामागे एक जोडले की २.५ फॅरड. ५ व्होल्टपासून ३.५ पर्यंत उतरताना १६ जूलच्या आसपास मिळतात, बूस्ट कन्व्हर्टरने ८० टक्के दिले तर पावणेतेरा. पुरतं, पण काठावरच. कपॅसिटर जुना होताना धारिता उतरते, उन्हातल्या लॉबीत लवकर. ७ वर्षांसाठी १० फॅरडचे घ्या. दोघांवर बॅलन्सिंग रोधक विसरू नका, नाहीतर एकावर ताण जास्त येऊन तो आधी जातो. आणि वीज गेल्याची खूण कन्व्हर्टरच्या अलीकडून घ्या, पलीकडून घेतलीत तर खबर उशिरा मिळते.

म्हापे_पॅनेल | रविवार, सकाळी ११:१५

योक्टो आणि सीआयपी ६.१ ठरलं. बोर्डवाल्यांना मेल गेली, तिघांपैकी एकानेच '६.१ देतो' म्हटलंय, तोही महाग. राउकसाठी वेगळा धागा काढतो. ज्याने फ्युशिया सुचवलं होतं तो एफआयडीएलसारखे करार आमच्या सेवांमध्ये कसे लिहायचे ते बघतोय, त्याला मजा येतेय.

बीई_शेवटचं_वर्ष | रविवार, दुपारी १:००

दादा, ऑफरची ओळच नव्हती. आता चालतंय, थँक्यू! पण उत्साहात अख्खा सोर्स पण बिल्ड केला आणि आता लॅपटॉपवर ३ जीबी उरलेत.

कोपरी_बिल्ड | रविवार, दुपारी १:०८

आधी एम्युलेटर थांबव, मग एफएक्स क्लीन. आउट फोल्डर जाईल, सोर्स राहील. त्यानंतर जिरी अपडेट, जीसी पर्याय लावून, म्हणजे जुन्या रिपॉझिटरी पण निघतील. प्रयोगांचे आकडे आउटमध्ये ठेवले असशील तर ते आधी बाहेर काढ.

बीई_शेवटचं_वर्ष | रविवार, दुपारी १:११

...आत्ताच क्लीन दिलं.